भुंगेऱ्याची ओळखपरेड

इलेक्ट्रॉनिक सामानाचा एखादा सुटा भाग हवा असेल तर मुंबईकर आजही लॅमिंग्टन रोड गाठतो. रस्त्याचे नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले त्याला जमाना लोटला, पण लोकांच्या तोंडून लॅमिंग्टन काही सुटलेला नाही. हे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते आणि तिथेही आपले नाव मागे ठेवून आले. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, न्यू साउथ वेल्सच्या सीमेला लागून असलेले डोंगराळ वर्षावन १९१५ साली राखीव झाले, ते आजचे लॅमिंग्टन नॅशनल पार्क. उपोष्ण कटिबंधातले हे जंगल आता जागतिक वारसा यादीत आहे. तिथे पर्यटकांची वर्दळ असते, पक्षीनिरीक्षकांची असते, कीटकशास्त्रज्ञांची तर पिढ्यान्‌पिढ्या आहे.

अशा चांगल्या पायाखालच्या जंगलात डिसेंबर २०२१मध्ये जेम्स ट्वीड हा तरुण संशोधक तंबू ठोकून राहिला होता. क्वीन्सलँड विद्यापीठात तो कीटकांवर पीएच.डी. करत होता. बिना बरा इथल्या तळाजवळ, लोमँड्रा नावाच्या, गवतासारख्या लांब पात्यांच्या झुडपावर त्याला काहीतरी पांढरे दिसले. पहिल्या नजरेला ती पक्ष्याची शीट वाटली. वाकून पाहिले तर शिटेला पाय होते आणि लांबलचक मिशाही होत्या.

तो भुंगेरा जेमतेम ९.७ मिलिमीटर लांबीचा होता. अंग लाल-काळे आणि त्यावर सगळीकडे उभे राहिलेले लांब पांढरे केस. मिशांमुळे कुल कोणते हे लगेच कळत होते, पण इतका केसाळ सदस्य त्या कुलात ट्वीडने कधी पाहिला नव्हता.

ते कुल म्हणजे सेरँबिसिडी, इंग्रजीत लाँगहॉर्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भुंगेऱ्यांचे. जगभरात यांच्या ३५ हजारांहून अधिक जातींना आजवर नावे मिळाली आहेत. कोकणात आंब्याच्या बागा असलेल्यांना या कुलातला एक सभासद चांगलाच परिचयाचा असतो. पावसाळा सुरू झाला की कधीतरी रात्री पडवीतल्या दिव्यावर बोटभर लांबीचा, करड्या रंगाचा, पाठीवर नारिंगी ठिपके असलेला भुंगेरा येऊन आपटतो. चिमटीत धरला तर कुरकुर असा आवाज करतो. तो आवाज तोंडातून येत नाही. छातीच्या पुढच्या भागाची कड मागच्या बारीक रेघारेघांच्या पट्टीवर घासून तो काढलेला असतो. भिंग घेऊन त्याच्या डोक्याकडे पाहिले तर आणखी एक खूण सापडते. मिशी जिथून निघते तिथे डोळा गोल नसतो. त्याला आतून खोबण असते आणि मिशीचे मूळ त्या खोबणीत बसलेले असते. मिशा मागे वळवून पाठीवर आडव्या टाकता येतात, आणि पुष्कळ जातींच्या नरांमध्ये त्या अंगापेक्षा लांब असतात.

या कुलाचे बहुतेक आयुष्य लाकडात जाते. मादी सालीच्या फटीत अंडी घालते, अळी आत शिरते आणि महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षानुवर्षे, लाकूड पोखरत राहते. बाहेर उडताना दिसणारा भुंगेरा हा त्या आयुष्याचा शेवटचा, काही आठवड्यांचा तुकडा. त्यामुळे जंगलात एखादी जात भरपूर असली तरी ती माणसाच्या नजरेला पडेलच असे नाही. ती फांद्यांच्या आत असते, किंवा मग चाळीस मीटर उंच झाडाच्या शेंड्यावर.

उष्ण कटिबंधातल्या जंगलांत झाडांच्याच जाती अफाट, म्हणून लाकूड खाणाऱ्यांच्याही. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज १८४८ साली आल्फ्रेड रसेल वॉलेसबरोबर ॲमेझॉनच्या मुखाशी उतरला आणि तब्बल ११ वर्षे तिथे राहिला. त्याने जमवलेल्या प्राण्यांच्या जाती १४ हजारांवर गेल्या, त्यांत बहुतांश कीटक, आणि सुमारे ८ हजार जाती विज्ञानाला तोवर ठाऊकच नव्हत्या. परत आल्यावर ॲमेझॉनच्या लाँगहॉर्नांवर त्याने १८६०च्या दशकात जी लेखमाला लिहिली, ती आजही त्या भागात काम करणाऱ्याला उघडून बसावी लागते.

नव्या जातीच्या कामातला अवघड टप्पा इथेच सुरू होतो. ‘असा भुंगेरा मी कधी पाहिला नाही’ हे एका माणसाचे मत झाले. ‘असा भुंगेरा आजवर कोणीच नोंदवलेला नाही’ हे सिद्ध करायचे, तर नोंदवलेले सगळे भुंगेरे समोर उभे करावे लागतात. म्हणजे एकाची नव्हे, हजारोंची ओळखपरेड.

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाची सुरुवात लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरली जाते. तेव्हापासून छापलेले प्रत्येक वैध नाव आजही जिवंत असते आणि एकाच जातीला दोन नावे पडली असतील तर नियमाने जुने नाव टिकते. हे जुने साहित्य लॅटिनमध्ये आहे, फ्रेंचमध्ये आहे, जर्मनमध्ये आहे. काही वर्णने दोन ओळींची. दक्षिण अमेरिकेतला टायटॅनस जायगँटियस हा जगातल्या सर्वांत मोठ्या भुंगेऱ्यांपैकी एक, पण १७७१ साली त्याला नाव देताना लिनियससमोर तो भुंगेरा नव्हता, एका फ्रेंच चित्रमालेतले त्याचे चित्र होते.

विसाव्या शतकात या गुंतागुंतीत सर्वांत मोठी भर घातली ती स्टेफान फॉन ब्रॉयनिंग या ऑस्ट्रियन माणसाने. पॅरिसच्या संग्रहालयात बसून त्याने एकट्याने लाँगहॉर्नांना सात हजारांहून अधिक नावे दिली. त्यांतली असंख्य वर्णने त्रोटक, आणि कित्येक एकाच नमुन्यावरून केलेली. नंतरच्या अभ्यासकांचा बराच वेळ ब्रॉयनिंगची कोणती नावे ठेवायची आणि कोणती दुसऱ्याच जातीत विलीन करायची, हे ठरवण्यात जातो.

या गोंधळाला भुंगेरेही हातभार लावतात. एकाच जातीचे नर आणि मादी दिसायला इतके वेगळे असू शकतात की पूर्वी त्यांना दोन स्वतंत्र जाती म्हणून नावे मिळाली. एकाच मादीची पिल्लेसुद्धा, ज्या अळीला भरपूर लाकूड मिळाले ती मोठी आणि जिला वाळकी काटकी मिळाली ती निम्म्या आकाराची, असे होते. रंग उन्हाने विटतो, केस घासून झडतात. म्हणून अंगाची लांबी किंवा रंग यावर नव्या जातीचा दावा उभा राहत नाही.

ट्वीडने आधी पुस्तके आणि चित्रे पालथी घातली. जुळणारे काही सापडेना. मग प्रकरण कॅनबेराला, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कीटकसंग्रहात गेले. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या या संग्रहात एक कोटीहून अधिक नमुने आहेत. तिथे अ‍ॅडम श्लिपिन्स्की आणि लॉरेन अ‍ॅशमन यांच्यासोबत परेड सुरू झाली.

अशा कामात टेबलावर प्रत्यक्ष काय असते? सूक्ष्मदर्शक, दिवा, बारीक चिमटे आणि टाचणीवर बसवलेला भुंगेरा. मोठ्या भुंगेऱ्याच्या उजव्या पंखकवचातून टाचणी आरपार घालतात. जगभरात उजव्याच, त्यामुळे डावी बाजू तपासणीसाठी अभंग राहते. छोट्या भुंगेऱ्याला टाचणी लावली तर त्याच्या चिंधड्या होतील, म्हणून तो कार्डाच्या बारीक तुकड्यावर डिंकाच्या थेंबाने चिकटवतात. त्याखाली टाचणीत ओवलेल्या नखाएवढ्या चिठ्ठ्या असतात : कुठे मिळाला, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, कोणी पकडला. ही चिठ्ठी हरवली तर सुंदरात सुंदर नमुनाही शास्त्राच्या दृष्टीने जवळपास निकामी होतो.

मग एकेक अवयव घेऊन लिहिणे सुरू होते. चेहरा उभा की पुढे झुकलेला. मिशीचे ११ खंड, त्यांतला तिसरा चौथ्यापेक्षा लांब की आखूड. डोळ्याची खोबण किती खोल. मानेमागच्या कवचाच्या बाजूला काटा आहे की नाही. पंखकवचावरचे खड्डे रांगेत की विखुरलेले. पायाच्या नख्या एकमेकींपासून किती फाकलेल्या. गरज पडली तर पोटाचा शेवटचा भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करून आतले जननेंद्रिय काढतात, कारण बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या जातींतला फरक पुष्कळदा तिथेच सापडतो. काढलेला भाग ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून ती कुपी त्याच टाचणीला लावून ठेवायची. दहा मिलिमीटरच्या प्राण्याचा फोटो काढतानाही एका वेळी त्याचा छोटासा थरच स्पष्ट येतो. म्हणून वेगवेगळ्या खोलीवर कितीतरी फोटो घेऊन ते संगणकावर एकत्र जोडावे लागतात.

लॅमिंग्टनचा भुंगेरा लॅमीनी या उपकुलातला, म्हणजे उभ्या, चपट्या चेहऱ्याच्या लाँगहॉर्नांपैकी, हे स्पष्ट होते. पण त्या उपकुलातल्या कोणत्याही ज्ञात वंशाच्या चौकटीत तो बसेना. अशा वेळी नव्या जातीपुरते भागत नाही. जातीच्या वरची पायरी म्हणजे वंश. तीच नव्याने बांधावी लागते. मार्च २०२४मध्ये ‘ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ टॅक्सॉनॉमी’ या नियतकालिकात ट्वीड, अ‍ॅशमन आणि श्लिपिन्स्की यांचा लेख आला आणि भुंगेऱ्याला नाव मिळाले : एक्सकॅस्ट्रा अल्बोपिलोसा. लॅटिनमधल्या या नावाचा अर्थ साधा आहे : छावणीतून आलेला, पांढऱ्या केसांचा.

नाव कसे द्यायचे याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ते प्रसिद्ध झालेल्या लेखातून यावे लागते. नुसता फोटो टाकून किंवा वर्तमानपत्रात बातमी देऊन जात सिद्ध होत नाही. लेखात इतर जातींपासून वेगळेपण सांगणारे वर्णन हवे. आणि २०००पासूनच्या नव्या नावांसाठी एक अट पक्की आहे : त्या नावाचा आधार ठरणारा नमुना कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे, हे लिहिलेच पाहिजे. अशा एकट्या नमुन्याला होलोटाइप म्हणतात आणि त्याच्या टाचणीत लाल चिठ्ठी ओवण्याचा रिवाज आहे. पुढे कधी वाद झाला, तर वर्णनातल्या शब्दांपेक्षा या नमुन्याची साक्ष मोठी मानली जाते.

एक्सकॅस्ट्राचे ते केस कशासाठी असावेत? एक शक्यता शास्त्रज्ञांनी सुचवली आहे. वर्षावनात कीटकांना मारणाऱ्या बुरशा असतात. त्या कीटकाच्या अंगात वाढतात आणि शेवटी त्याच्या कवचातून पांढरे तंतू बाहेर काढतात. असा मेलेला, बुरसटलेला किडा पक्षी कशाला खाईल? भुंगेऱ्याचे उभे पांढरे केस तसेच दिसतात. हा तूर्तास अंदाज आहे. पक्ष्यांसमोर असा भुंगेरा ठेवून कोणी प्रयोग केलेला नाही, आणि वर्णन झाले तेव्हा हाताशी नमुना एकच होता.

सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत सव्वादोन वर्षे. ही गती फार वेगवान म्हणावी लागेल. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१२ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २००७ साली नाव मिळालेल्या जातींतून सहाशे जाती निवडून त्यांनी पाहिले, की पहिला नमुना हाती आल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत किती काळ जातो. सरासरी निघाली सुमारे २१ वर्षे. नव्या जातींपैकी पुष्कळ जंगलात नव्हे, संग्रहालयाच्या खणांत सापडतात. कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी दिव्याच्या सापळ्यात पकडलेला भुंगेरा ‘ओळख बाकी’ अशा पेटीत पडून असतो आणि त्या गटाचा जाणकार एके दिवशी ती पेटी उघडतो.

तो उघडेपर्यंत पेटी शाबूत राहायला हवी. २ सप्टेंबर २०१८च्या रात्री रिओ द जानेरोतल्या ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि लाखो नमुन्यांचा कीटकसंग्रह भस्मसात झाला. त्यात लाँगहॉर्नांचे कितीतरी होलोटाइप होते. ब्राझील हा या भुंगेऱ्यांच्या बाबतीत जगातल्या सर्वांत समृद्ध देशांपैकी एक. साओ पावलोच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातला उबिराजारा मार्टिन्स आणि त्याची सहकारी मारिया हेलेना गॅलिलेओ या जोडीने तिथे कित्येक दशके नव्या जातींची वर्णने केली. ज्या जातींची साक्ष रिओत जळाली, त्यांच्याबद्दलचा कोणताही वाद आता फोटो, जुनी वर्णने आणि इतरत्र असलेले नमुने यांच्या भरवशावर सोडवावा लागतो.

एवढा खटाटोप एका किड्याच्या नावासाठी का, हा प्रश्न बागायतदाराला पडत नाही. पडवीतल्या दिव्यावर आपटणारा तो ठिपक्यांचा भुंगेरा म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, आंब्याचा खोडकिडा. कोकणात त्याला भिरूड म्हणतात. त्याची अळी खोडात शिरली की भोकातून भुसा पडू लागतो, फांदी सुकते, दुर्लक्ष केले तर कलमच बसते. मग तारेच्या आकड्याने अळी ओढून काढायची, भोकात औषधाचा बोळा घालायचा आणि ते चिखलाने लिंपायचे. काजूच्या खोडात आणि मुळांत शिरणारा रोठा हाही याच कुलातला, पण वेगळ्या वंशाचा.

द्राक्षाच्या वेलीवर तर ओळख चुकली की उपायच चुकतो. सांगली-नाशिकच्या बागांत खोड पोखरणाऱ्या दोन लाँगहॉर्नांची नावे पुन्हा पुन्हा येतात. सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर ही मुळात बाभळीवरची कीड म्हणून प्रसिद्ध. तिची अळी भुसा बाहेर ढकलते, त्यामुळे वेलीच्या बुडाशी तो पडलेला दिसतो आणि बागायतदार सावध होतो. स्ट्रोमॅटियम बार्बाटमची अळी मात्र भुसा आतल्या आतच ठासून भरते. बाहेर काही दिसत नाही आणि वेल पोकळ होत जाते. तिची अंडी सैल सालीखाली असतात, म्हणून तिच्यासाठी खोडाची जुनी साल काढून टाकण्याचा सल्ला देतात. हाच स्ट्रोमॅटियम घरातल्या सुक्या लाकडी सामानातही वर्षानुवर्षे राहू शकतो.

भुंगेरे जहाजातूनही फिरतात. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली मेपलची झाडे मरू लागली, तेव्हा खोडातून चीनचा ॲनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस बाहेर आला; मालाच्या लाकडी खोक्यांतून तो पोचला होता. त्याचे नाव आणि मूळ गाव आधीपासून नोंदलेले असल्यामुळे तो कोणत्या झाडांवर जाईल आणि कुठून आला, याचा शोध कागदावरच सुरू करता आला. आता निर्यातीच्या लाकडी पेट्या आणि पॅलेटसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे : लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसपर्यंत तापवून किमान ३० मिनिटे तसाच ठेवायचा. न्हावाशेवा बंदरातून जाणाऱ्या पेट्यांवर गव्हाच्या लोंबीचा जो शिक्का दिसतो, तो अशाच प्रक्रियेचा.

भारतातून आजवर दीड हजारांहून अधिक जातींच्या लाँगहॉर्नांची नोंद आहे. चार्ल्स जोसेफ गहान याने १९०६ साली ‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत त्यांच्यावर एक ग्रंथ लिहिला. पण लॅमीनी हे उपकुल त्या ग्रंथात घेतलेले नव्हते. भिरूड या उपकुलातलाच आणि लॅमिंग्टनचा केसाळ भुंगेराही त्याच उपकुलातला. नंतर डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सी. एफ. सी. बीसन याने अळ्या कोणत्या झाडाच्या लाकडात वाढतात याच्या नोंदी प्रचंड प्रमाणावर केल्या, कारण सालवृक्षाचे आणि सागवानाचे नुकसान हा वनखात्याच्या महसुलाचा प्रश्न होता. जंगलातल्या ज्या झाडांना बाजारभाव नाही, त्यांच्या फांद्यांत कोण राहते याकडे इतके लक्ष गेले नाही.

हे लक्ष कसे देतात, त्याचा नमुना फ्रेंच गियानात पाहायला मिळतो. जेरार टाव्हाकिलियन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या वर्षावनात सुमारे दोनशे जातींच्या झाडांचे लाकूड जमवले आणि त्यातून काय बाहेर येते याची वाट पाहिली. १९९७ साली त्यांनी निष्कर्ष छापले, तेव्हा यादीत साडेतीनशेच्या आसपास जातींचे लाँगहॉर्न होते, प्रत्येक जातीसमोर तिच्या झाडाचे नाव. लाकूड जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचे, चिठ्ठी लावायची आणि भुंगेरा बाहेर आला की तारीख लिहायची. या पद्धतीने नर-मादी दोन्ही मिळतात, अळीही मिळते आणि यजमान झाडाबद्दल शंका उरत नाही.

एक्सकॅस्ट्रा अल्बोपिलोसाच्या बाबतीत पुढचे काम हेच आहे. लोमँड्राच्या पात्यावर तो बसलेला सापडला, पण भुंगेरा जिथे बसतो तिथेच त्याची अळी वाढते असे नसते. त्यामुळे पिंजऱ्यात ठेवण्यासाठी लॅमिंग्टनच्या जंगलातल्या नेमक्या कोणत्या झाडाची, वेलीची की झुडपाची सुकी फांदी आणायची, तिथपासून सुरुवात करावी लागणार आहे.